केनियाचे दालन, केनियाविना: व्हेनिस बिएनालेतील एक प्रकरण अभ्यास (२०१३ ते २०१७)

प्रकरणाची व्याप्ती

इटलीतील व्हेनिस शहरात दर दोन वर्षांनी भरणाऱ्या व्हेनिस बिएनाले या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात केनियाचे राष्ट्रीय दालन २०१३ मध्ये प्रथम लागले. २०१५ मध्ये त्याच दालनावरून एवढा वाद झाला की खुद्द केनियाच्या शासनाने ते आपले नसल्याचे जाहीर केले. २०१७ मध्ये केनियातून निवडलेल्या कलावंतांचे दालन अखेर उभे राहिले, पण तेही सुखासुखी नव्हे. या लागोपाठच्या तीन आवृत्त्यांत कोणते निर्णय कोणी घेतले, कोणते घेतलेच गेले नाहीत आणि त्यातून राष्ट्राच्या ओळखीविषयी काय स्पष्ट झाले, याचा हा अभ्यास आहे. वादाशी थेट संबंध असलेल्या संयोजकांची, अधिकाऱ्यांची आणि मंत्र्यांची नावे मुद्दाम दिलेली नाहीत. प्रकरण समजण्यासाठी त्यांची पदे पुरेशी आहेत, आणि कोणा एकाला दोषी ठरवणे हा या लेखनाचा हेतूही नाही.

पार्श्वभूमी: बागेतली घरे आणि भाड्याच्या खोल्या

व्हेनिस बिएनालेची सुरुवात १८९५ मध्ये झाली. जार्दिनी या सार्वजनिक बागेत बेल्जियमने १९०७ मध्ये पहिले परदेशी दालन बांधले आणि पुढच्या काही दशकांत युरोपातील बहुतेक प्रमुख राष्ट्रांनी तेथे आपापल्या इमारती उभ्या केल्या. आज त्या बागेत २९ राष्ट्रीय दालने आहेत, आणि कोणाची इमारत कोठे आहे हे पाहिले तरी विसाव्या शतकातील सत्तेचा नकाशा डोळ्यांपुढे येतो. इमारतीसुद्धा बोलतात. जर्मनीच्या दालनाला १९३८ मध्ये नाझी राजवटीने भव्य, कठोर रूप दिले. १९९३ मध्ये हान्स हाके या जर्मन कलावंताने त्याच दालनातील संगमरवरी फरशी फोडून तिचे तुकडे तसेच जमिनीवर पसरून ठेवले. राष्ट्राने स्वतःच्या खर्चाने, स्वतःच्या इमारतीत, स्वतःच्या इतिहासावर असा घाव घालू देणे हीसुद्धा ओळख मांडण्याची एक रीत ठरली.

ज्यांना बागेत जागा मिळाली नाही, त्यांची गोष्ट वेगळी आहे. उशिरा स्वतंत्र झालेली किंवा उशिरा सहभागी झालेली राष्ट्रे आर्सेनाले या जुन्या जहाजबांधणी संकुलात जागा घेतात, अन्यथा शहरातील वाडे, शाळा, चर्चच्या इमारती भाड्याने घेतात. भाडे, कलाकृतींची वाहतूक, विमा आणि सहा-सात महिने दालन उघडे ठेवण्यासाठी लागणारी माणसे, हा सगळा खर्च त्या राष्ट्राने करायचा असतो. बिएनाले तो करत नाही.

या प्रकरणाच्या दृष्टीने महत्त्वाचा नियम असा की राष्ट्रीय सहभागाची मागणी त्या देशाच्या शासनाकडून यावी लागते, आणि दालनाची जबाबदारी घेणारा आयुक्तही शासनच नेमते. त्यापुढे दालनात काय लावायचे यात बिएनालेचा कलादिग्दर्शक लक्ष घालत नाही, कारण त्याचे क्षेत्र मध्यवर्ती प्रदर्शनापुरते असते. म्हणजे ‘हे आमच्या देशाचे दालन आहे’ असे म्हणण्याचा अधिकार एका शासकीय पत्रातून मिळतो, आणि ते पत्र ज्याच्या हाती, त्याच्या हाती दालन.

केनियाकडे वळू. १२ डिसेंबर १९६३ रोजी स्वतंत्र झालेल्या या देशाच्या स्वातंत्र्याचे २०१३ हे पन्नासावे वर्ष होते. २०१० मध्ये स्वीकारलेल्या नव्या राज्यघटनेचा अकरावा अनुच्छेद संस्कृतीला राष्ट्राचा पाया मानतो आणि कलांसह सर्व प्रकारच्या राष्ट्रीय व सांस्कृतिक अभिव्यक्तीला उत्तेजन देण्याची जबाबदारी राज्यावर टाकतो. कागदावर यापेक्षा अधिक काय हवे? प्रत्यक्षात नैरोबीतील समकालीन दृश्यकला शासनाच्या आधारावर वाढलेली नव्हती. १९९५ मध्ये सुरू झालेला कुओना ट्रस्ट, २००३ मध्ये एका जुन्या गोदामात सुरू झालेले गोडाउन आर्ट्स सेंटर, काही खासगी गॅलऱ्या आणि कलावंतांनी मिळून चालवलेले स्टुडिओ यांच्या जोरावर ती उभी होती. समकालीन कलेचा संग्रह करणारी, त्यासाठी सलग निधी असलेली आणि परदेशी प्रदर्शनांबाबत अधिकारवाणीने बोलू शकेल अशी राष्ट्रीय कलासंस्था नव्हती. त्यात मार्च २०१३ मध्ये सार्वत्रिक निवडणूक झाली, नवे सरकार आले आणि मंत्रालयांची फेररचना झाली. बिएनाले उघडली १ जून २०१३ रोजी.

समस्या कशी आकाराला आली

२०१३ च्या पहिल्यावहिल्या केनियन दालनात केनियाचे कलावंत अगदीच थोडे होते. बहुसंख्य कलाकृती चिनी आणि इटालियन कलावंतांच्या होत्या. संयोजनही इटालियन मंडळींकडे होते. त्या वर्षी टीका झाली, नैरोबीतील कलावंतांनी नापसंती व्यक्त केली, पण शासनाकडून ठोस हालचाल झाली नाही. प्रदर्शन संपले, विषय मागे पडला.

२०१५ च्या आवृत्तीसाठी कलावंतांची यादी समोर आली, तेव्हा तीच घडी पुन्हा बसल्याचे दिसले. यादीत पुन्हा चिनी नावांचा भरणा होता. केनियात दीर्घकाळ स्थायिक झालेला एक इटालियन कलावंत होता, आणि जन्माने केनियन असलेली पण युरोपात राहणारी एक कलावंत होती. नैरोबीत राहून काम करणाऱ्यांपैकी कोणीच नव्हते. दालनाचे शीर्षक होते ‘क्रिएटिंग आयडेंटिटीज’, अर्थात ‘ओळखी घडवताना’. असे शीर्षक टीकाकाराला शोधूनही सापडले नसते.

हा वाद त्या वर्षी अधिक बोचरा होण्याची आणखी दोन कारणे होती. पहिले असे की ५६ व्या बिएनालेचे कलादिग्दर्शक ओक्वी एन्वेझोर होते. नायजेरियात जन्मलेले एन्वेझोर हे त्या पदावर आलेले पहिले आफ्रिकी. त्यांच्या मध्यवर्ती प्रदर्शनात नैरोबीत जन्मलेल्या वांगेची मुटू यांचे काम होते. म्हणजे केनियाच्या कलेला व्हेनिसमध्ये गुणवत्तेवर जागा मिळत होती, मिळत नव्हती ती फक्त केनियाच्या नावाने लागलेल्या दालनात. दुसरे कारण कलेच्या बाहेरचे होते. मोम्बासा–नैरोबी रेल्वेमार्ग त्या काळात चिनी कर्जातून आणि चिनी कंपनीकडून बांधला जात होता, आणि चीनचे देशातील वाढते स्थान हा केनियात रोजच्या चर्चेचा विषय होता. मायकेल सोई हे नैरोबीतील चित्रकार चीन–आफ्रिका संबंधांवर उपरोधिक चित्रमालिका करतच होते. व्हेनिसच्या दालनावरही त्यांनी ‘शेम इन व्हेनिस’ या नावाने चित्रे केली. राष्ट्रीय दालनातील चिनी नावांकडे लोक कलेच्या नजरेने कमी आणि या नजरेने अधिक पाहत होते.

प्रश्न नेमका कोणता होता

या प्रकरणाची जी गोष्ट सर्वसाधारणपणे सांगितली जाते ती ‘चिन्यांनी केनियाचे दालन बळकावले’ अशी आहे. ती सांगायला सोपी आहे, पण त्यातून समस्येचे निदान चुकते. दालनात परकीय कलावंत असणे हाच दोष मानला, तर त्याच काळातील इतर दालनांचे काय करायचे?

केनियाने पदार्पण केले त्याच २०१३ मध्ये जर्मनीने आपल्या दालनासाठी आय वेईवेई, दयानिता सिंग, सांतु मोफोकेंग आणि रोमुआल्ड कारमाकार यांची निवड केली. एक चिनी, एक भारतीय, एक दक्षिण आफ्रिकी, आणि चौथे जर्मनीत काम करणारे चित्रपटकार कारमाकार. शिवाय त्या वर्षी जर्मनी आणि फ्रान्सने आपापल्या इमारतींची अदलाबदल केली होती. आय वेईवेई यांनी ८८६ तिवया एकमेकींत गुंफून केलेले मांडणशिल्प जर्मनीच्या नावाने फ्रान्सच्या इमारतीत उभे राहिले आणि त्याकडे राष्ट्र या कल्पनेवरचे विचारपूर्वक भाष्य म्हणून पाहिले गेले. त्याच वर्षी अंगोलाने पहिल्याच सहभागात सर्वोत्कृष्ट राष्ट्रीय दालनाचा सुवर्णसिंह पुरस्कार मिळवला. लुआंडा या अंगोलाच्या राजधानीतील रस्त्यांवर टाकून दिलेल्या वस्तूंची एडसन शागास यांची छायाचित्रे एका जुन्या इटालियन वाड्यात, प्रबोधनकाळातील चित्रांच्या संगतीत, पोस्टरांच्या थप्प्या रचून मांडली होती आणि पाहुण्यांना ती घरी नेता येत होती. त्या दालनाच्या दोन संयोजकांपैकी एक इटालियन होता. २०१५ मध्ये हाच पुरस्कार आर्मेनियाला मिळाला. त्या दालनात आर्मेनियाबाहेर विखुरलेल्या आर्मेनियन वंशाच्या कलावंतांचीच कामे होती, कारण १९१५ च्या आर्मेनियन वंशसंहाराच्या शताब्दी वर्षात ‘आपण कोण’ या प्रश्नाचे उत्तर देशाच्या सीमेबाहेरच अधिक सापडत होते.

तेव्हा परदेशी कलावंत, परदेशी संयोजक, परदेशी निवास यांपैकी एकही गोष्ट दालनाला अराष्ट्रीय ठरवत नाही. जर्मनीने परदेशी कलावंत निवडले तेव्हा ती निवड जर्मनीच्या सार्वजनिक कलाव्यवस्थेतून नेमलेल्या संयोजिकेने केली होती, तिची कारणे मांडली गेली होती आणि घरी तिला जाब विचारता येत होता. केनियाच्या बाबतीत निवड कोणी केली, कोणत्या निकषांवर केली आणि नैरोबीतील कोणाला त्याबद्दल विचारले, याचे उत्तर केनियातील कलावंतांकडे नव्हते. पारपत्र कोणाचे हा प्रश्न दुय्यम होता, निवड कोणाला बांधील होती हा मुख्य. माझ्या मते हे प्रकरण मुळात उत्तरदायित्वाचे आहे आणि ओळखीचा वाद हा त्याचा बाहेरून दिसणारा भाग आहे.

येथे पैशाचा मुद्दा टाळता येत नाही. शासनाचे पत्र आहे, पण पैसे नाहीत, अशा स्थितीत दालन उभे करायचे तर खर्च उचलणारा कोणीतरी लागतो. व्हेनिसमध्ये आपले काम लागावे अशी इच्छा असलेले कलावंत जगभर आहेत आणि त्यांच्या स्वतःच्या देशाच्या दालनात जागा मोजक्याच. बागेत इमारत नसलेल्या, निधी नसलेल्या राष्ट्राचे नाव मग एक रिकामी चौकट होऊन बसते आणि जो खर्च करील तो ती भरतो. यात बेकायदेशीर काही असावेच लागत नाही. हा केवळ केनियाचाही अनुभव नव्हता. २०१५ मध्येच कोस्टा रिकाच्या दालनात बहुसंख्य कलावंत इटालियन असल्याचे आणि सहभागासाठी कलावंतांकडून शुल्क घेतले जात असल्याचे उघड झाल्यावर त्या देशानेही माघार घेतली.

समोर असलेले पर्याय

बिएनाले मे महिन्यात उघडणार होती आणि वाद वसंतात पेटला. म्हणजे शासनाच्या हाती काही आठवडेच होते. त्याच्यापुढे मोजके मार्ग उरले होते. पहिला, गप्प राहणे. २०१३ मध्ये तेच झाले होते आणि त्याची किंमत काय हे दिसतच होते. दुसरा, शेवटच्या घटकेला काही केनियन कलावंतांना यादीत घालून तोंडदेखली दुरुस्ती करणे. वरवर समंजस वाटणारा हा मार्ग खरे तर सर्वांत धोक्याचा होता, कारण त्यातून निवडीची पद्धत तशीच राहिली असती, वर तिला केनियन नावांचा मुलामा मिळाला असता, आणि नंतर आक्षेप घेणाऱ्यांचीच तोंडे बंद झाली असती. तिसरा मार्ग दालन जाहीरपणे नाकारण्याचा. त्यात देशाची नाचक्की होती, आपल्याच पत्राने मिळालेला अधिकार आपणच रद्द करत असल्याची कबुली होती, परंतु प्रश्न मिटवण्याऐवजी तो नोंदवला जाणार होता.

कलावंतांपुढचे पर्याय अधिक अवघड होते, कारण त्यांच्याकडे अधिकार कोणताच नव्हता. ते बिएनालेकडे तक्रार करू शकत होते, पण राष्ट्रीय दालनाच्या आशयात बिएनाले हस्तक्षेप करत नाही. आपला पर्यायी केनियन कार्यक्रम त्यांना व्हेनिसमध्ये स्वबळावर करता आला असता, पण त्यासाठी तोच पैसा लागला असता जो मूळ दालनासाठी नव्हता. त्यांना बहिष्कार टाकता येत नव्हता, कारण बोलावलेच नव्हते. उरला तो आपल्याच शासनावर लोकमताचा दबाव आणण्याचा मार्ग. एका अर्थी तोच योग्य होता, कारण अधिकाराचे मूळ व्हेनिसमध्ये नसून नैरोबीत होते.

उचललेली पावले

कलावंतांनी आणि कलाक्षेत्रातील इतरांनी ऑनलाइन सह्यांची मोहीम सुरू केली. तिच्या मजकुरातील एक निर्णय या सबंध प्रकरणातील सर्वांत शहाणा निर्णय म्हणता येईल. मोहिमेने दोन मागण्या एकत्र केल्या. एक, २०१५ चे हे प्रतिनिधित्व शासनाने नाकारावे. दोन, २०१७ मध्ये खरेखुरे राष्ट्रीय दालन उभारण्यास पाठबळ देण्याचे वचन द्यावे. पहिली मागणी एकटी असती तर निषेध नोंदवून विषय संपला असता, आणि २०१७ मध्ये तीच रिकामी चौकट पुन्हा कोणाच्या तरी हाती गेली असती. दुसरी मागणी एकटी असती तर ती पुढच्या वेळी पाहू अशा आश्वासनात विरली असती. दोन्ही एकत्र मांडल्यामुळे नकार हा वचनाचा पहिला हप्ता ठरला.

आंतरराष्ट्रीय कलापत्रकारांनी विषय उचलून धरला. परदेशात नाव असलेल्या केनियन कलावंतांनीही जाहीरपणे नाराजी व्यक्त केली. सोई यांच्या चित्रांनी वादाला चेहरा दिला. ती चित्रे समाजमाध्यमांवर फिरली आणि नियमावलीची किचकट चर्चा ज्यांना कंटाळवाणी वाटली असती अशा लोकांपर्यंतही मुद्दा पोहोचला.

शासनाने तिसरा मार्ग निवडला. संस्कृती खात्याच्या मंत्र्यांनी हे दालन केनियाचे प्रतिनिधित्व करत नसल्याचे जाहीर केले. राष्ट्रीय दालनाच्या इतिहासात ही विरळाच घडणारी गोष्ट होती. अन्यत्र शासने दालनातील एखाद्या कलाकृतीवर रागावतात, कलावंत बदलतात, निधी रोखतात, येथे मात्र राष्ट्राने स्वतःच्या नावाने चाललेल्या प्रदर्शनावरूनच स्वतःचे नाव मागे घेतले.

परिणाम

२०१५ मध्ये केनियाने निवडलेले आणि केनियाने मान्य केलेले असे कोणतेही राष्ट्रीय दालन व्हेनिसमध्ये उभे राहिले नाही. तात्कालिक निकाल एवढाच होता. नाव वाचले, जागा रिकामी राहिली.

२०१७ मध्ये मात्र वचनाचा दुसरा भाग, निदान अर्धामुर्धा, पूर्ण झाला. केनियन क्युरेटर जिमी ओगोंगा यांच्या संयोजनाखाली ‘अनदर कंट्री’ या शीर्षकाचे दालन जुदेक्का बेटावरील एका शाळेच्या इमारतीत लागले. त्यात पॉल ओंडिटी, पीटरसन कामवाथी, रिचर्ड किमाथी, आर्लिन वांडेरा आणि म्वांगी हुटर यांची कामे होती. या यादीकडे नीट पाहिले तर मघाचा मुद्दा आणखी पक्का होतो. वांडेरा लंडनमध्ये राहतात. म्वांगी हुटर हे एकच नाव धारण केलेले दोन कलावंतांचे जोडपे असून त्यातील एकाचा जन्म नैरोबीतला, तर दुसरा मूळचा जर्मन. २०१५ ची यादी ज्या निकषावर नाकारली गेली असे मानले जाते तोच निकष काटेकोरपणे लावला, तर २०१७ ची यादीही अडली असती. ती अडली नाही, कारण या वेळी निवड कोणी केली, का केली हे सर्वांना माहीत होते.

पैशाच्या बाबतीत फरक पडला नाही. शासनाने कबूल केलेला निधी वेळेवर हाती आला नाही. क्युरेटर आणि कलावंतांनी स्वतःच्या धडपडीवर दालन उघडले. दोन वर्षांपूर्वी ज्या शासनाने राष्ट्राच्या सन्मानासाठी ठाम भूमिका घेतली होती, त्याच शासनाचे राष्ट्रीय दालन उघडताना हात आखडले. यात विसंगती दिसते खरी, पण ती समजण्यासारखी आहे. नाकारण्याला निवेदन पुरते, उभारण्याला अंदाजपत्रकातील तरतूद लागते, ती मंजूर व्हावी लागते, वेळेत वितरित व्हावी लागते, आणि बिएनालेचे वेळापत्रक कोणत्याही देशाच्या आर्थिक वर्षाची वाट पाहत नाही. २०२२ मध्ये केनियाचे दालन पुन्हा ओगोंगा यांच्याच संयोजनाखाली लागले, यावरून या कामाचा भार संस्थेपेक्षा व्यक्तींवर किती आहे याचा अंदाज येतो.

निर्णयाचे क्षण आणि काय वेगळे करता आले असते

या प्रकरणात सर्वांत महत्त्वाचा क्षण बहुतेक वृत्तांतांत येतच नाही. तो २०१३ पूर्वीचा आहे, जेव्हा केनियाच्या नावाने सहभाग घेण्यास शासकीय संमती दिली गेली. त्या संमतीसोबत अटी असायला हव्या होत्या: कलावंतांची निवड देशांतर्गत समितीच्या मान्यतेने होईल, यादी ठरावीक मुदतीपूर्वी जाहीर होईल, खर्चाचा स्रोत कळवला जाईल, आणि यांपैकी काही न झाल्यास संमती आपोआप रद्द होईल. या चार ओळी लिहायला निधी लागत नाही. निधी नसलेल्या राष्ट्राला त्या अधिक गरजेच्या आहेत, कारण दुसऱ्याच्या पैशाने उभे राहणारे दालन आपले ठेवायचे असेल तर अटींशिवाय दुसरे साधनच नसते. बाहेरचा पैसा मुळीच घेऊ नये असा आग्रह मी धरणार नाही. व्हेनिसमधील श्रीमंत दालनेही खासगी देणगीदारांच्या मदतीने चालतात. पैसे देणाऱ्याला यादी ठरवू देणे ही पुढची, वेगळी पायरी आहे आणि त्या पायरीवर थांबता येते.

दुसरा क्षण २०१३ चे प्रदर्शन संपल्यानंतरचा. टीका झालेली होती आणि दोन वर्षे हातात होती. त्या काळात मंत्रालयाने नैरोबीतील कलासंस्थांची एक बैठक बोलावून २०१५ साठी आयुक्त बदलला असता, तर पुढचे काहीच घडले नसते. नुकत्याच फेररचना झालेल्या खात्याला हा विषय तातडीचा न वाटणे स्वाभाविक होते, हे मान्य करूनही ही चूक मोठी ठरते. कलावंतांच्या बाजूनेही या मधल्या काळात संघटित प्रयत्न फारसे दिसले नाहीत. खरा जोर २०१५ ची यादी बाहेर पडल्यावर आला.

येथे झिम्बाब्वेची तुलना उपयोगी आहे. झिम्बाब्वेने २०११ मध्ये व्हेनिसमध्ये राष्ट्रीय दालन सुरू केले ते १९५७ पासून अस्तित्वात असलेल्या नॅशनल गॅलरीमार्फत. देशाची आर्थिक स्थिती केनियापेक्षा कितीतरी बिकट असूनही हा सहभाग आवृत्तीमागून आवृत्ती चालू राहिला. पैसा दोघांकडेही मुबलक नव्हता, पण एकाकडे निवड करण्याची, कागदपत्रे जपण्याची आणि मागच्या वेळी काय झाले ते लक्षात ठेवण्याची जागा होती. केनियात समकालीन कलेची स्मृती जपणारी अशी जागा पुढे २०२० मध्ये नैरोबी कंटेम्पररी आर्ट इन्स्टिट्यूटच्या रूपाने आली, पण तीही एका कलावंताच्या पुढाकाराने स्थापन झालेली, शासकीय नव्हे.

भारताचा अनुभवही या संदर्भात आठवल्याशिवाय राहत नाही. २०११ मध्ये रणजित होस्कोटे यांनी ललित कला अकादमीसाठी संयोजित केलेल्या दालनाने बरीच अपेक्षा निर्माण केली होती. त्यानंतर २०१३ मध्ये देशाचे दालन नव्हते. २०१५ मध्ये एका खासगी प्रतिष्ठानाने शिल्पा गुप्ता आणि पाकिस्तानचे रशीद राणा यांचे एकत्रित प्रदर्शन व्हेनिसमध्ये भरवले, ते अर्थातच राष्ट्रीय दालन म्हणून नव्हे. शासनाच्या सहभागाने दालन परतले ते थेट २०१९ मध्ये, महात्मा गांधींच्या दीडशेव्या जयंतीच्या निमित्ताने. आपल्याकडे चौकट रिकामी राहिली तेव्हा तिचा गैरवापर झाला नाही एवढाच दिलासा. सातत्याचा प्रश्न तोच होता.

तिसरा क्षण २०१५ च्या नकाराचा. तो घेतला गेला हे योग्यच झाले, परंतु घोषणेसोबत २०१७ साठी निवडसमितीची रचना आणि निधीची तारीख जाहीर झाली असती, तर दोन वर्षांनी कलावंतांवर स्वतःच्या खिशाकडे पाहण्याची वेळ आली नसती. राजकीय लक्ष एखाद्या विषयावर खिळलेले असते तेव्हाच तरतुदी मंजूर करून घेता येतात. एप्रिल २०१५ मध्ये ते लक्ष होते, आणि त्याचा उपयोग फक्त निवेदनापुरता झाला.

बिएनालेच्या बाजूनेही एक पाऊल शक्य आहे. संस्थेने आशयात न पडणे हे तत्त्व म्हणून योग्य आहे, कारण अन्यथा राष्ट्रीय दालनांवर तिचीच सेन्सॉरशिप आली असती. मात्र निवड कोणत्या प्रक्रियेने झाली हे दोन ओळींत जाहीर करण्याची सक्ती म्हणजे आशयातील हस्तक्षेप नव्हे. ब्राझीलमधील साओ पाउलोच्या बिएनालेने २००६ पासून राष्ट्रीय प्रतिनिधित्वाची पद्धतच बंद केली, हा दुसरा टोकाचा मार्ग झाला. व्हेनिस तो स्वीकारण्याची चिन्हे नाहीत, आणि ज्या देशांना या दालनांमुळे प्रथमच स्वतःच्या नावाने दिसण्याची संधी मिळते त्यांच्यासाठी तो हिताचाही नाही. अंगोलाच्या एडसन शागास यांना ती संधी राष्ट्रीय दालनानेच दिली होती.

प्रक्रिया जाहीर करण्याची सक्ती २०१३ मध्ये असती, तर केनियाच्या दालनाच्या दारावर निवड करणाऱ्यांची नावे लागली असती, आणि नैरोबीतील कलावंतांना आपला आक्षेप कोणाकडे न्यायचा हे दोन वर्षे आधी कळले असते.